यंत्राला फक्त वजन सांगा

आयलेट नावाचं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ते रुग्णाला एकच आकडा विचारतं: वजन.

टाइप वन मधुमेह घेऊन जगणाऱ्याला यावर विश्वास ठेवणं जड जातं. इन्सुलिनचा पंप लावायचा म्हणजे एरवी आधी आकड्यांची भलीमोठी यादी भरावी लागते. पहाटे ताशी किती युनिट सोडायचं आणि दुपारी किती. एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकं जिरवतं. तेच एक युनिट रक्तातली साखर किती खाली आणतं. टोचलेलं इन्सुलिन किती तास काम करत राहतं. डॉक्टर हे आकडे अंदाजाने ठरवून देतात आणि रुग्ण ते पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहतो. आजारपण आलं, वजन वाढलं, मूल वयात आलं की पुन्हा पहिल्यापासून. आयलेटला यातलं काही सांगावं लागत नाही. खरं तर सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नाही, कारण हे आकडे भरायची जागाच त्याच्या पडद्यावर ठेवलेली नाही.

ही जागा न ठेवण्याचा हट्ट ज्यांनी धरला, ते एडवर्ड डॅमियानो डॉक्टर नाहीत. बोस्टन विद्यापीठात ते जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांचा मूळ विषय द्रवगतिशास्त्र: आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नलिकांतला द्रव कसा हलतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून रक्त कसं वाहतं, अशा प्रश्नांची गणितं ते मांडत असत. मधुमेहाशी त्यांचा संबंध आला तो 2000 मध्ये. ते तेव्हा इलिनॉय विद्यापीठात होते आणि त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा होता. मुलाची आई स्वतः बालरोगतज्ज्ञ. बाळाची लक्षणं तिने ओळखली. निदान झालं: टाइप वन.

अकरा महिन्यांच्या बाळाला टाइप वन असणं म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काम का झालं ते कळणार नाही. या प्रकारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबतं. ते बाहेरून द्यावंच लागतं. कमी पडलं तर साखर चढते आणि दिवसांत जीव धोक्यात येतो. जास्त झालं तर साखर पडते, आणि तिथे दिवस नाही, तास किंवा मिनिटं हातात असतात. मोठा माणूस घाम फुटला, हात थरथरले की साखरेची गोळी तोंडात टाकतो. बाळाला सांगता येत नाही. झोपलेल्या बाळाला तर काही कळतही नाही. डॅमियानो रात्री अनेकदा उठून मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढत आणि साखर तपासत. साखर खाली गेलेली दिसली की त्याला झोपेतच काहीतरी गोड पाजायचं. मुलगा मोठा होऊन कॉलेजला घराबाहेर राहायला जाईल तेव्हा रात्री कोण उठणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला तेव्हाच घातला. त्याला त्यांनी मुदतही जोडली: कॉलेजआधी यंत्र तयार हवं.

बाप असण्याचा हा भाग वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिला. अभियंता असण्याचा भाग त्यामानाने झाकलेला राहिला, आणि तोच अधिक गुंतागुंतीचा आहे.

साखर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन सोडणारा पंप आणि मधे हिशेब करणारा संगणक, हे तिन्ही जोडले की कृत्रिम स्वादुपिंड तयार, असं वरवर पाहता वाटतं. ही कल्पना जुनीच. लॉस एंजेलिसमध्ये अर्नोल्ड कॅडिश यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाठीवर वागवता येईल असं यंत्र करून दाखवलं होतं. 1977 मध्ये माइल्स लॅबोरेटरीजचा बायोस्टेटर आला. तो शिरेतून सतत रक्त ओढून साखर मोजायचा आणि गरजेप्रमाणे शिरेतच इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचा. काम तो चोख करायचा, पण रुग्णाच्या खाटेशेजारी आणि माणसांच्या देखरेखीखाली. शिरेत सुया अडकवून कोणी शाळेत किंवा कचेरीत जाऊ शकत नाही. रोजच्या जगण्यात सेन्सर आणि पंप दोन्ही कातडीखालीच बसवावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

अडचण उशिराची आहे. सतत साखर मोजणारा सेन्सर रक्त पाहतच नाही. तो कातडीखाली पेशींच्या मधल्या द्रवातली साखर पाहतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. हा उशीर एक वेळ चालून जाईल. इन्सुलिनचा उशीर मात्र मोठा आहे. निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडतं आणि ते मिनिटांत कामाला लागतं. कातडीखाली सोडलेलं वेगवान म्हणवणारं इन्सुलिनसुद्धा रक्तात शिगेला पोचायला साधारण तास घेतं आणि पुढे काही तास रेंगाळतं. धरणाच्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्याला मिळतं तसा हा मामला आहे. मुखाशी दार उघडलं तरी टेलचं रान बराच वेळ कोरडंच असतं. ते कोरडं दिसतंय म्हणून दार आणखी उचलावं, तर नंतर पाणी बांध फोडून शिरतं, आणि तेव्हा घाईघाईने दार पाडलं तरी वाटेतलं पाणी यायचं थांबत नाही. साखर वाढलेली दिसली की इन्सुलिन दे, उतरली की थांब, एवढ्याच नियमावर चालणारं यंत्र रुग्णाला दिवसभर वरखाली हेलकावत ठेवील.

म्हणून यंत्राला दोन गोष्टी याव्या लागतात. आधी सोडलेलं पण अजून कामाला न लागलेलं इन्सुलिन किती आहे याचा हिशेब त्याने सतत ठेवायला हवा. आणि पुढच्या तासा-दोन तासांत साखर कुठे जाईल याचा अंदाज बांधूनच आताची मात्रा ठरवायला हवी. रसायन कारखान्यांमध्ये तापमान आणि दाब सांभाळण्यासाठी अशी भाकिताधारित नियंत्रणपद्धत आधीपासून वापरात होती. डॅमियानो आणि त्यांचे सहकारी फिरास अल-खातिब यांनी इन्सुलिनसाठी हाच मार्ग निवडला. अल-खातिब मूळचे विद्युत अभियंता. दोघे इलिनॉयमध्ये भेटले, पुढे बोस्टनला आले, आणि आज यंत्रात जे गणित चालतं त्याचा पाया दोघांचा मिळून आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट धरून ठेवली, जी त्या वेळी बहुतेकांना अनावश्यक वाटत होती. शरीर साखर सांभाळतं ते एका संप्रेरकाने नव्हे. बीटा पेशींच्या शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात. ते यकृतातला साठा मोकळा करून साखर वर उचलतं. फक्त इन्सुलिनचा पंप असला तर साखर पडताना यंत्र काय करू शकतं? इन्सुलिन थांबवू शकतं, एवढंच. आधी सोडलेलं परत घेता येत नाही. डॅमियानोंच्या यंत्रात म्हणून दोन पंप होते, एक इन्सुलिनचा आणि एक ग्लुकागॉनचा. मधुमेही डुकरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा इन्सुलिनचं नियंत्रण भाकिताच्या पद्धतीने चालत होतं आणि ग्लुकागॉनचं साखर किती खाली आहे व किती वेगाने उतरते आहे, एवढ्यावर.

माणसांवरचे प्रयोग मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. स्टीव्हन रसेल यांच्याबरोबर झाले. 2010 मध्ये त्यांचा जो निबंध आला तो या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो, आणि नेमका तोच कमी सांगितला जातो. अकरा जणांना सत्तावीस तास यंत्रावर ठेवलं होतं, भरपूर कर्बोदकांची तीन जेवणं दिली होती. सहा जणांचं उत्तम झालं. पाच जणांची साखर इतकी पडली की बाहेरून गोड द्यावं लागलं. का? या पाच जणांच्या शरीरात इन्सुलिन बाकीच्यांच्या जवळपास निम्म्याच वेगाने शोषलं जात होतं. यंत्राच्या हिशेबाप्रमाणे वाटेतलं इन्सुलिन संपलेलं होतं. प्रत्यक्षात ते अजून यायचं होतं. गणितातला हा एक आकडा बदलून, म्हणजे शोषण सावकाश होतं असं धरून, प्रयोग पुन्हा केले तेव्हा साखर पडणं थांबलं. किंमतही मोजावी लागली: सरासरी साखर आधी डेसिलिटरमागे सुमारे 140 मिलिग्रॅम होती, ती 164 झाली. सावध यंत्र म्हणजे थोडी चढी साखर. एकाच औषधाचा वेग माणसागणिक एवढा बदलत असेल तर कारखान्यातून ठरवून दिलेले आकडे चालणार नाहीत, यंत्राने त्या माणसाला वापरता वापरताच ओळखलं पाहिजे, या दिशेने पुढचं काम गेलं.

दवाखान्याच्या खाटेवर सगळे शिस्तीत असतात. खरी परीक्षा बाहेर. 2013च्या सुमारास यंत्राचं रूप असं होतं: आयफोन 4एस, त्याच्या पाठीला चिकटवलेला डेक्सकॉमच्या सेन्सरचा रिसीव्हर, आणि कमरेला दोन टँडम पंप. दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा येई, म्हणजे दिवसाला 288 वेळा, आणि प्रत्येक वेळी फोन ठरवत असे कोणता पंप चालवायचा. वीस प्रौढ माणसं हे लटांबर घेऊन पाच दिवस बोस्टनमध्ये हवं ते खात, हवं तेवढं चालत फिरली. बत्तीस किशोरवयीन मुलामुलींनी ते मधुमेही मुलांच्या उन्हाळी शिबिरात वापरलं. शिबिर ही जागा मुद्दाम निवडलेली होती. तिथे पोहणं आहे, पळणं आहे, अवेळी खाणं आहे, आणि बारा ते वीस वयातले हॉर्मोन आहेत, जे कोणाचंच गणित टिकू देत नाहीत. 2014च्या जूनमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या निकालात दोन्ही गटांची सरासरी साखर यंत्रावर 138 होती; स्वतः सांभाळताना प्रौढांची 159 आणि मुलांची 157. साखर खालावण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, प्रौढांत ते उलट कमी झालं होतं.

याच काळात इतर ठिकाणीही लोक गप्प बसले नव्हते. व्हर्जिनिया विद्यापीठात बोरिस कोव्हाचेव्ह हे गणितज्ञ आणि इटलीतल्या पादुआचे क्लाउदिओ कोबेली यांनी टाइप वनच्या रुग्णाचं संगणकी प्रतिरूप बांधलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी ते चालेल असं मान्य केलं. डुकरांवर जे करायला महिने लागत ते शेकडो काल्पनिक रुग्णांवर दिवसांत होऊ लागलं. केंब्रिजमध्ये रोमन होव्होर्का यांचा गट होता. आणि या सगळ्यांची वाट पाहायला तयार नसलेली डेना लुईस होती, जिने 2015 मध्ये आपल्या घरगुती यंत्रणेचा आराखडा सर्वांना फुकट खुला केला. 2016 मध्ये मेडट्रॉनिकच्या 670जी पंपाला परवानगी मिळाली आणि बाजारात पहिलं यंत्र आलं ते या शर्यतीतून. ते संकरित होतं: जेवणाव्यतिरिक्तचं इन्सुलिन यंत्र सांभाळणार, पण ताटात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत ते मात्र रुग्णाने मोजून सांगायचं.

डॅमियानोंचा या मोजण्यालाच विरोध होता. त्यामागचा तर्क सरळ आहे. माणसं कर्बोदकं नीट मोजत नाहीत, मोजू शकत नाहीत, आणि दहा वर्षं मोजून कंटाळतात. पाकिटावर छापलेल्या आकड्यांच्या देशात ही अवस्था; सणाच्या दिवशी पुरणपोळीत गूळ किती पडला ते करणाऱ्या काकूंनाही सांगता यायचं नाही. आयलेटमध्ये म्हणून जेवणाची वर्दी द्यायची ती अशी: नाश्ता, दुपारचं जेवण की रात्रीचं, आणि नेहमीएवढं, नेहमीपेक्षा जास्त, की कमी. नेहमीएवढं म्हणजे त्या माणसाचं नेहमीचं. यंत्र अंदाजे लागणाऱ्या इन्सुलिनचा तीन चतुर्थांश भाग लगेच सोडतं आणि उरलेलं पुढे साखर बघून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वर्दी आली की कालचा अनुभव हिशेबात धरतं. वर्दी द्यायची विसरलात तरी ते सावरायचा प्रयत्न करतं, मात्र मग साखर चढते ती चढतेच, कारण उशिराचा नियम कोणत्याही यंत्राला चुकलेला नाही.

यात रुग्णाच्या हातून अधिकार काढून घेतला जातो, अशी तक्रार अनुभवी रुग्ण करतात आणि ती खोटी नाही. वीस वर्षं आपली साखर आपण सांभाळलेल्या माणसाला व्यायामाआधी मात्रा थोडी कमी करायची असते, लग्नाच्या पंगतीआधी थोडी वाढवायची असते. आयलेट त्याला ते करू देत नाही. डॅमियानोंनी यंत्र बनवताना डोळ्यांसमोर ठेवला तो हा निष्णात रुग्ण नव्हता. ज्याला आकडेमोड जमत नाही, ज्याच्याकडे वेळ नाही, ज्याच्या गावात मधुमेहतज्ज्ञ नाही, त्याच्यासाठी हे आहे.

2022 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीने हा अंदाज बराचसा खरा ठरवला. सोळा केंद्रं, वय वर्षं सहापासून एकोणऐंशीपर्यंतचे रुग्ण, तेरा आठवडे. 219 जण यंत्रावर, 107 आपापल्या नेहमीच्या उपचारांवर. या दुसऱ्या गटात सुया टोचून घेणारे होते, साधा पंप वापरणारे होते आणि संकरित यंत्रं वापरणारेही होते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी यंत्राच्या गटात 7.9 वरून 7.3 टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटात 7.7 होतं तिथेच राहिलं. साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ दिवसाला सुमारे अडीच तासांनी वाढला. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांची साखर सुरुवातीला सर्वांत बिघडलेली होती त्यांना. जे आधीच सात टक्क्यांच्या खाली होते त्यांच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. त्यांची रोजची आकडेमोड वाचली, हे एचबीएवनसीत दिसत नाही.

19 मे 2023 रोजी एफडीएने सहा वर्षांवरील रुग्णांसाठी आयलेटला मान्यता दिली. डॅमियानोंनी त्यासाठी 2015 मध्ये बीटा बायॉनिक्स ही कंपनी काढली होती. तिची नोंदणी भागधारकांच्या नफ्याबरोबर लोकहितही बंधनकारक मानणारी कंपनी म्हणून केली. एली लिलीकडून पैसे आले, आणि 2016 मध्ये सामान्य लोकांकडूनही दहा लाख डॉलर उभे राहिले. देणाऱ्यांत मधुमेही मुलांचे आईबाप पुष्कळ होते. मुलाच्या कॉलेजची मुदत मात्र हुकली होती. मान्यता आली तेव्हा तो विशी ओलांडून पुढे गेलेला होता.

आणि बाजारात आलं ते अर्धंच यंत्र होतं. ज्या दुसऱ्या पंपासाठी डॅमियानोंनी एवढी वर्षं घालवली तो त्यात नाही. कारण गणिताचं नाही, रसायनाचं आहे. ग्लुकागॉन पाण्यात विरघळवलं की टिकत नाही. त्याचे तंतू बनून ते गोठतं. आणीबाणीच्या इंजेक्शनमध्ये ते वर्षानुवर्षं भुकटीच्या रूपात येत असे आणि टोचायच्या क्षणी मिसळावं लागे ते याचसाठी. चाचण्यांमध्ये पंपातलं ग्लुकागॉन रोज नव्याने तयार करून भरावं लागे. संशोधनात हे चालतं; सहा वर्षांच्या मुलाच्या घरात रोज सकाळी कोण करणार? पंपात दिवसचे दिवस टिकेल असं ग्लुकागॉन हवं, आणि ते पंपातून सतत देणं सुरक्षित आहे हे वेगळ्या चाचण्यांनी सिद्ध करायला हवं. डेन्मार्कच्या झीलंड फार्माचं डॅसिग्लुकागॉन त्या दृष्टीने बराच काळ तपासलं गेलं. 2024 मध्ये बीटा बायॉनिक्सने झेरिस या कंपनीबरोबर पंपात वापरता येईल अशा ग्लुकागॉनसाठी करार केला.

तोवर फक्त इन्सुलिनच्या यंत्राला सावधच राहावं लागतं. साखर खाली गेली तर वर उचलायचं साधन हाताशी नाही, म्हणून ते तिला मुळात फार खाली येऊ देत नाही, आणि 7.3चा आकडा याहून फार खाली का गेला नाही, याचं एक उत्तर इथेही आहे. इतर कंपन्यांची संकरित यंत्रं निष्णात रुग्णाच्या हातात कधी कधी याहून चांगले आकडे दाखवतात.

इकडे भारतात मधुमेहाची चर्चा होते ती बहुतेक टाइप टूची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने 10.1 कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं आणि त्यांतले बहुसंख्य त्याच प्रकारचे आहेत. त्या गर्दीत दुसरी एक गोष्ट दडून जाते: आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021च्या अॅटलासनुसार टाइप वन असलेल्या मुलांची आणि किशोरांची संख्या जगात सर्वांत जास्त भारतात आहे. आयलेटला मिळालेली मान्यता अमेरिकेपुरती. दर काही दिवसांनी बदलायचा सेन्सर आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायची पंपाची नळी यांचा खर्च जन्मभराचा असतो. इंग्लंडमध्ये संकरित यंत्रं सरकारी आरोग्यसेवेतून द्यायला 2024 मध्ये सुरुवात झाली. आपल्याकडे असा खर्च बहुतेक कुटुंबं स्वतःच करतात, आणि बहुतेकांना तो झेपत नाही. ज्याच्या गावात तज्ज्ञ नाही त्या रुग्णासाठी डॅमियानोंनी आकडे काढून टाकले. नांदेड किंवा गडचिरोलीतल्या मुलाला यंत्र चालवायला तज्ज्ञ लागणार नाही, हे खरं. सेन्सर मात्र लागेलच, आणि सध्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही मोजून वापरणाऱ्या घरात तो कोण आणून देणार, या प्रश्नाला कुठल्याही अल्गोरिदममध्ये जागा नाही.